समास सोडून लिहा

शाळेत वही उघडली की गुरुजींची पहिली आज्ञा ठरलेली असे : "समास सोडून लिहा." मग आम्ही पट्टी लावून डाव्या हाताला रेघ मारीत असू. पुष्कळदा ती वाकडी जाई, कधी पट्टीच्या कडेला बोट आल्यामुळे मध्येच तिला टेंगूळ येई. पण ती ओढल्याशिवाय पहिले अक्षर लिहिण्याची कुणाची छाती नव्हती. रेघेपलीकडची ती अरुंद पट्टी गुरुजींची. तिथे त्यांनी तांबड्या शाईने काय लिहायचे ते लिहावे, आपण पाऊल टाकायचे नाही. पुढे परीक्षा आल्या, तेव्हाही समासात काही न लिहिण्याची ताकीद असेच. लहानपणापासून असे वळण लागल्यावर एखाद्या ग्रंथाच्या समासात पेन्सिल टेकवताना हात कचरला तर त्यात नवल ते काय?

पोटासाठी मी मराठी शिकवतो, त्यामुळे समासाशी माझा संबंध रोजचा. वर्गात 'समास' म्हटले की मुलांना तत्पुरुष आणि बहुव्रीही आठवतात आणि त्यांचे चेहरे उतरतात. दासबोध काढला की समास म्हणजे प्रकरण. समर्थांनी वीस दशकांत प्रत्येकी दहा, असे दोनशे समास घातले आहेत. आणि तिसरा समास म्हणजे पानाच्या कडेची कोरी जागा. पहिल्या दोहोंवर मी तास घेतो. तिसऱ्यावर कधी बोललो नव्हतो. न बोलण्याला एक कारणही होते, ते पुढे येईलच. यंदा मात्र बोलायची पाळी आली, आणि ती आणली माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने.

आमचे पाली हे बीडपासून जवळच, सोलापूरच्या रस्त्यावर. एका अंगाला बिंदुसरेचे धरण, पुढे मांजरसुंब्याचा घाट, आणि तिथून आत वळले की मन्मथस्वामींचे कपिलधार. मी कॉलेजला रोज बीडला जातो आणि संध्याकाळी आमच्या ओसरीवर परत येतो. भाद्रपदातल्या एका रविवारी दुपारी हा विद्यार्थी ओसरीवर येऊन उभा राहिला. खांद्याला पिशवी, पिशवीत पुस्तके. बी. ए.ला माझ्या वर्गात तो शेवटच्या बाकावर बसे आणि सगळ्यांत कमी बोले. आता आठवडाभर एका दुकानात हिशेब लिहितो आणि रविवारी आसपासच्या गावांतल्या थोड्याशा ख्रिस्ती घरांची उपासना चालवतो. म्हणजे शेवटच्या बाकावरचा मुलगा आता उभा राहून बोलतो, आणि माणसे ऐकतात. शिक्षकाला याहून आनंद तो कोणता?

"सर, पुस्तक निवडायचंय," तो म्हणाला.

"कोणतं?"

"पवित्र शास्त्र. समासात लिहिता येईल असं."

मी हसलो. "अरे, ते तुझ्या वडीलधाऱ्यांना विचार. शास्त्रातलं मला काय कळतं?"

"शास्त्र मला कळतं थोडंफार, सर. पुस्तक तुम्हाला कळतं."

यावर काय बोलणार? आईने आतून पाणी आणले. "ये रे बाबा, बस," म्हणाली, आणि स्वतःही चौकटीला टेकून बसली. पुस्तकांची गोष्ट निघाली की ती आत थांबत नाही.

त्याने पिशवीतून एकेक ग्रंथ काढून चटईवर मांडला. पहिला भला थोरला, उपासनेच्या मेजावर ठेवायचा. अक्षर टपोरे, पण एका हातावर पेलून चार वाक्ये बोलायची म्हटली तर मनगट दुखावे. दुसरा चेन लावायचा, खिशात मावेलसा. कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा, अक्षर मुंगीचे आणि समास नावापुरता. तिसरा नवा करार आणि स्तोत्रसंहिता एवढाच, मध्यम आकाराचा, मोठ्या टायपाचा, बाहेरच्या बाजूला दीड बोट जागा सोडलेला. चौथा ग्रंथ त्याच्या खिशात होता, मोबाइलमध्ये. शब्द घातला की वचन हजर होते, हे त्याने मला करून दाखवले.

"मग हे काय वाईट आहे?" मी विचारले.

"शोधायला चांगलं आहे, सर. पण मला वचन कुठं आहे ते डोळ्यानं आठवतं. डाव्या पानावर, खाली, कोपऱ्यात. यात पानच नाही."

हे मला पटले. माझे वडील कीर्तनकार होते. ज्ञानेश्वरीची ओवी प्रमाणाला घ्यायची झाली की ते अध्याय सांगण्याआधी पानाची बाजू सांगत. ज्याला लोकांपुढे उभे राहून बोलायचे आहे त्याने शक्यतो एकच प्रत जन्मभर वापरावी, असे ते म्हणत. प्रत बदलली की ओळखीच्या गावातल्या गल्ल्या कुणी रातोरात हलवल्यासारखे होते.

मग आम्ही दोघे परीक्षकासारखे त्या पुस्तकांना भिडलो. वाचकांपैकी कुणाला गीता, गाथा, कुराण, बायबल, नाहीतर नुसता कवितासंग्रहही लिहिण्यासाठी घ्यायचा असेल, म्हणून त्या दुपारचे शहाणपण थोडक्यात सांगतो.

पहिला कागद. नेहमीच्या पुस्तकाचा कागद चौरस मीटरला साधारण साठ-सत्तर ग्रॅम भरतो. बायबलचा पातळ कागद पुष्कळदा त्याच्या निम्म्याच्या आसपास. सहासष्ट पुस्तके एका पुठ्ठ्यात बसवायची तर दुसरा इलाजच नाही. पातळ असूनही पलीकडचे अक्षर फारसे न दिसणारा असा कागद ऑक्सफर्डच्या छापखान्याने १८७५ साली बाजारात आणला आणि जाडजूड बायबल हातात मावू लागले. पण वाचायला सोयीचा कागद लिहायला सोयीचा असतोच असे नाही. म्हणून शेवटच्या कोऱ्या पानावर आधी चार अक्षरे लिहून पाहावीत. जेल पेनाची शाई पलीकडे फुटते. बॉलपेनाचा दाब मागच्या पानावर उमटतो. रंगीत ठळक खुणा करायचे पेन म्हणजे एका ओवीसाठी पाठच्या ओवीचा बळी. सर्वांत निरुपद्रवी ती आपली पेन्सिल, फार टोकदार न केलेली. शाईच हवी असेल तर न फुटणाऱ्या, पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे बारीक पेन घ्यावे.

दुसरी गोष्ट, समास कुठे आहे ते पाहावे. बाहेरच्या बाजूचा समास कामाचा. शिवणीकडचा समास कितीही रुंद असला तरी पुस्तक मिटताच तो गिळला जातो, आणि तिथली टीप वाचण्यासाठी पुस्तकाची मान पिरगाळावी लागते. मजकूर दोन स्तंभांत असेल तर आतल्या स्तंभावरची टीप कुठे लिहायची हाही प्रश्नच. एका स्तंभाचा मजकूर टिपांना बरा. मात्र ओळ लांब झाल्याने मोठ्याने वाचताना डोळा चुकतो. लोकांसमोर वाचणाऱ्याने घरी एकदा उभे राहून वाचून पाहावे आणि मगच ठरवावे.

तिसरी गोष्ट बांधणी. पाने नुसती चिकटवलेली असतील तर दोन पावसाळ्यांत गळू लागतात. दोऱ्याने शिवलेले, ज्याला आपल्याकडे जुजबंदी म्हणतात, ते पुस्तक मेजावर सपाट उघडे राहते आणि वक्त्याचे दोन्ही हात मोकळे सोडते. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी वाचकाला विनवीत, की मला तेलापासून सांभाळ, पाण्यापासून सांभाळ आणि सैल बांधणीपासून सांभाळ. शेकडो वर्षांत पुस्तकाचे शत्रू काही बदललेले नाहीत.

इंग्रजीत अशा कामासाठी मुद्दाम रुंद समासाची बायबले छापतात. केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्याची प्रसिद्ध आहेत. मागे टिपणांसाठी वेगळी पानेही असतात. अमेरिकेतला अठराव्या शतकातला धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स याच्यापाशी तर छापील पानांच्या मधे मधे मोठी कोरी पाने घालून शिवलेले बायबल होते. साधारण १७३० पासून अखेरपर्यंत त्याने त्यात पाच हजारांवर टिपा लिहिल्या. हे मी सांगितले तेव्हा माझ्या विद्यार्थ्याचे डोळे चमकले. मात्र त्या चमकेचे काय होणार आहे हे मला तेव्हा कळले नाही.

"सर," तो जरा थांबून म्हणाला, "समासात लिहावं का? आमच्यातले काही जण नको म्हणतात."

मग मला बोलायला आवडणारा विषय निघाला आणि आईने चहा टाकला. मी त्याला जुन्या पोथ्यांचे सांगितले. पोथीत मजकूर मधोमध असे आणि दोन्ही अंगांना तांबड्या रेघांनी आखलेली जागा. लिहिता लिहिता अक्षर गळले तर ओळीत काकपद, म्हणजे कावळ्याच्या पायासारखी खूण करायची आणि गळलेले अक्षर समासात लिहायचे. चुकीचे अक्षर पडले तर त्यावर पिवळा हरताळ फासायचा. 'केल्या कामावर हरताळ फासला' असे आपण आजही चिडून म्हणतो, पण मूळचा हरताळ सुधारण्यासाठी होता. काही पोथ्यांत मूळ श्लोक मधोमध मोठ्या अक्षरात आणि टीका त्याच्या वर व खाली बारीक अक्षरात, अशी तिहेरी मांडणी दिसते. हिब्रू शास्त्राच्या नकला करणाऱ्या पंडितांनीही मजकुराच्या कडेला आणि वर-खाली बारीक टिपा लिहून एकेका शब्दाचा पहारा केला.

"म्हणजे लिहावं," तो म्हणाला.

"लिहावं. पण रेघ ओलांडू नये."

कारण समासाचा एक धोका आहे. एकजण समासात आपली ओवी लिहितो. पन्नास वर्षांनी नक्कल करणारा ती गळलेली ओवी समजून मजकुरात घेतो. पुढच्या नकलेत ती ज्ञानदेवांची होऊन बसते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि शेवटी बजावले की यात आपली ओवी कुणी घालू नये. नाथांसारखा कवी, त्यांना काय ओव्या सुचत नव्हत्या? पण दुसऱ्याच्या ग्रंथात आपले बोलणे मिसळायचे नाही हा विवेक त्यांना होता. बायबलाच्या समासावरून तर राजदरबारी रुसवेफुगवे झाले. १५६० च्या जिनिव्हा बायबलच्या कडेला छापलेल्या टीपा इंग्लंडच्या जेम्स राजाला खटकत, कारण त्यांतल्या काही राजाच्या अधिकारालाच बोट लावणाऱ्या होत्या. म्हणून १६११ साली त्याच्या आज्ञेने नवे भाषांतर निघाले, त्याच्या समासात मूळ शब्दांचे अर्थ आणि संदर्भ तेवढे ठेवले.

"मग सर, उभं राहून बोलतानाही तसंच की," तो म्हणाला. "शास्त्रातलं कोणतं आणि माझं कोणतं, हे ऐकणाराला कळलं पाहिजे."

शेवटच्या बाकावर बसून हा मुलगा काय काय ऐकत होता, असे माझ्या मनात आले.

चहा झाल्यावर त्याने पिशवीतून कापडात गुंडाळलेले पाचवे पुस्तक काढले. पुठ्ठा सुटलेला, पाठीला कुणीतरी चिंधी चिकटवलेली, कडांना तेलकट काळेपणा. ते त्याच्या आजीचे पवित्र शास्त्र. त्याचे आजी-आजोबा ऊसतोडीला जात. आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे ओस पडतात, हे वाचकांनी वाचले असेल. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पश्चिम महाराष्ट्रातले किंवा कर्नाटकातले साखर कारखाने. तिकडे फडाजवळ कोपी बांधायची आणि उन्हाळा लागला की परतायचे. आजी मोठेपणी अक्षरे शिकली. छापील मजकूर बोट ठेवून वाची, लिहिता मात्र आले नाही.

त्याने १२१ वे स्तोत्र उघडले. प्रवासाला निघणाऱ्यांचे ते स्तोत्र. जाताना आणि येताना देव राखील असा त्याचा भाव. त्याच्या शेजारच्या अरुंद समासात उभ्या रेघा होत्या. काही शिसपेन्सिलीच्या, काही निळ्या, दोन-तीन कोळशाने ओढल्यासारख्या.

"दर साली सगळे घरी परत आले की आजी एक रेघ ओढायची," तो म्हणाला. "तेवीस आहेत."

मी मोजल्या. तेवीस होत्या. सतरावी इतरांच्या निम्मी होती. मी त्याच्याकडे पाहिले.

"त्या साली आजोबा तिकडंच राहिले," तो म्हणाला.

आई चौकटीला टेकून बसली होती ती पुढे सरकली. तिने पुस्तक हातात घेतले नाही, नुसते वाकून पाहिले.

मला पंडिता रमाबाई आठवल्या. त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केले ते साध्यासुध्या बायकांना कळावे म्हणून, जड संस्कृत शब्द टाळून. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवण्यापासूनची कामे तिथल्याच स्त्रियांनी केली, आणि १९२२ च्या एप्रिलात, काम हातावेगळे होता होता, बाई गेल्या. बाई पंडिता होत्या, तरी डोळ्यापुढे होती ती बोट ठेवून वाचणारी. ही आजी कोणते भाषांतर वाची ते मी विचारले नाही. पण वाचणारी पुढे सरकली की तिला थोडी कोरी जागाही लागते, आणि ती जागा या आजीने रेघांनी भरली होती.

"याची बांधणी करून घेऊ का, सर?" त्याने विचारले. "बीडला बाइंडर आहेत."

"नको!" मी इतक्या जोरात म्हणालो की आतून सौभाग्यवती डोकावल्या.

आता ते कारण सांगितले पाहिजे. वडील गेले तेव्हा त्यांची ज्ञानेश्वरी अशीच खिळखिळी झाली होती. चाळीस वर्षांच्या सप्ताहांतून फिरलेली ती प्रत. तिच्या समासांत त्यांचे बारीक अक्षर होते. कुठे अभंगाचा आकडा, कुठे दृष्टान्ताची खूण, कुठे गाव आणि तिथी. म्हणजे एका गावात तोच दृष्टान्त दुसऱ्यांदा सांगितला जाऊ नये. वर्षश्राद्धाला ती नीट बांधलेली असावी असे माझ्या मनाने घेतले. एका मोठ्या शहरात कामासाठी गेलो होतो, तिथे एका बाइंडरकडे टाकली. आठ दिवसांनी घेतली. तांबडे रेक्झिन, सोनेरी अक्षरे, आणि तिन्ही कडा यंत्रावर कापून आरशासारख्या साफ. मी खूश होऊन दामापेक्षा वर दहा रुपये दिले. घरी आल्यावर आईपुढे ठेवली. तिने मधेच कुठेतरी उघडली, पाने पुढे-मागे केली आणि विचारले, "यांचं लिहिलेलं कुठं गेलं?"

समासाबरोबर कापले गेले होते. उजव्या पानांवरच्या ओळींचे शेवट गेले, डाव्या पानांवरच्या ओळींचे आरंभ गेले. बाइंडरला दोष कसा देऊ? पुस्तक बांधले की कडा कापायच्या, हा त्याच्या धंद्याचा रिवाज. समासात माझे वडील आहेत हे मी त्याला सांगितले नव्हते. मराठीचा प्राध्यापक मी. पण मजकूर तेवढा ग्रंथ आणि बाकीची रिकामी जागा, असे मीही शाळेपासून धरून चाललो होतो.

बाराव्या अध्यायात, डाव्या पानावर, एक टीप अर्धी उरली आहे. सुरुवातीला कापलेल्या अक्षराचा नुसता काना, आणि पुढे 'ला सांगणे' एवढे शब्द. कुणाला सांगणे? आमच्या घरात अण्णा, नाना, आप्पा, दादा, सगळ्यांच्या शेवटी काना. मला लहानपणी बाळा म्हणत. मी आईला विचारले, तर ती म्हणाली, "अण्णाला असेल. त्यांच्याकडं सप्ताहाच्या शिध्याचे पैसे राहिले होते." बाराव्या अध्यायाच्या समासात शिध्याची उधारी! पण वडिलांचा स्वभाव पाहता तेही अशक्य नाही.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. या गोष्टीची मला लाज वाटे, म्हणून यापूर्वी घराबाहेर सांगितली नव्हती. तो गप्प राहिला. मग त्याने आजीचे पुस्तक परत कापडात गुंडाळले, पोथी बांधतात तशी चारी टोके आत घेऊन गाठ मारली.

माझ्यातला प्राध्यापक तरीही गप्प बसेना. मी म्हणालो, "नव्या प्रतीत आजीच्या सगळ्या खुणा उतरून घे. कुठली वचनं तिनं अधोरेखित केली, कुठं काय, सगळं. अभ्यासाला बरं पडेल."

तो मान हलवून म्हणाला, "नको सर. तिचं वाचणं तिचं. मला माझं वाचू दे. रेघा तेवढ्या घेतो."

निवड त्याने केली ती तिसऱ्या पुस्तकाची. नवा करार आणि स्तोत्रसंहिता. जुन्या करारातले दुसरे काही लागले तर घरच्या मोठ्या ग्रंथातून टिपून न्यायचे. दीड बोट समास होताच. पण एडवर्ड्सच्या कोऱ्या पानांनी त्याचे मन घेतले होते. पुढच्या रविवारी आम्ही बीडला एका म्हाताऱ्या बाइंडरकडे गेलो. या खेपेला मी शेजारी स्टूल ओढून बसलो. प्रत्येक छापील पानामागे एक कोरे घातले तर पुस्तक उशीएवढे होईल, हे त्यांनीच सांगितले. मग असे ठरले की शिवण उसवून प्रत्येक फर्म्याभोवती दुमडलेला एक कोरा कागद गुंडाळायचा आणि पुन्हा जुजबंदी करायची, म्हणजे दर सोळा पृष्ठांमागे चार कोरी मिळतात. कोरे कागद आधीच मापाने कापून घेतले, मागून काही कापायला नको म्हणून.

"कटिंग नाही मारायचं," मी तिसऱ्यांदा म्हणालो.

"गुरुजी," म्हातारबुवा सुईत दोरा ओवीत म्हणाले, "समासात काय आहे ते आधी बघतो मी. लोक सांगत नाहीत."

टिपा कशा लिहायच्या याचेही आमचे ठरले. वचनाशेजारी गाव आणि तारीख. माझ्या वडिलांची रीत. कुणाच्या घरची खाजगी गोष्ट समासात लिहायची नाही, कारण पुस्तक कुणाच्याही हाती पडते. संपूर्ण प्रवचन लिहायचे नाही, वळणावरची खूण तेवढी लिहायची. समासात जागा कमी असते, आणि बोलणाऱ्याच्या दृष्टीने ती कमी असते हेच बरे.

नारायण वामन टिळकांसारख्या कवीने ख्रिस्ती उपासनेत कीर्तन आणि अभंग आणले, त्याला शतक उलटून गेले. तेव्हा एका वारकऱ्याची रीत एका उपदेशकाच्या पुस्तकात गेली यात नवे काही नाही. वडिलांना कळते तर त्यांनी दृष्टान्त म्हणून कुठेतरी घातले असते, आणि समासात 'पाली' असे लिहून ठेवले असते.

मागच्या आठवड्यात तो पुस्तक दाखवायला आला. गावातून आता टोळ्या निघतील. त्यांच्यापैकी काही घरे त्याच्या उपासनेतली. तीन-चार रविवार तोही तिकडच्या तळांवर जाऊन यायचे म्हणतो. पुस्तकाला त्याने जाड खादीचे कव्हर शिवले आहे, फडातल्या पाचोळ्याच्या धुळीसाठी. त्याने १२१ वे स्तोत्र काढले. समासात पेन्सिलीच्या तेवीस रेघा होत्या, सतरावी निम्मी. त्यांच्यानंतर त्याने एक टिंब देऊन थोडी जागा सोडली होती.

"आता पुढची तुझी," मी म्हणालो.

"आत्ता नाही, सर," तो म्हणाला. "परत आल्यावर."

तो गेला आणि आईने दिवे लावायला घेतले. सध्या रात्री जेवणे झाली की ती तांबड्या रेक्झिनची ज्ञानेश्वरी मांडीवर घेते. पाने उलटता उलटता अर्ध्या ओळींवर बोट ठेवते आणि वडील तिथे काय सांगत ते तिला आठवेल तसे सांगते. कधी आठवते, कधी दुसऱ्याच गावचा दृष्टान्त तिथे येऊन बसतो, कधी नुसतेच म्हणते, "इथं लोक फार हसायचे." पुस्तकात आता लिहायला जागा उरलेली नाही, म्हणून मी ते वहीत उतरून घेतो. मुलगी शेजारी बसून पाहते. परवा तिने विचारले, "बाबा, एवढी जागा रिकामी का ठेवलीत?"

वहीच्या प्रत्येक पानावर मी डाव्या हाताला चार बोटे समास सोडला आहे.